आजोबांच्या ट्रंकेतला '१७६१'चा कागद : मोडी जाणकारांची मदत हवी आहे

पडवीतला_बाक | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव भीमेच्या काठी, पुणे जिल्ह्यात. जुनं घर उतरवायला घेतलं तेव्हा माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत शेतसाऱ्याच्या पावत्या, काडी मोडलेला चष्मा, सोसायटीची पासबुकं आणि अगदी तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेला एक मोडी कागद. हातभर लांब, गुंडाळी झालेला, दोन-तीन ठिकाणी कसरीने खाल्लेला. अक्षर मला ओ की ठो कळत नाही, पण वरच्या ओळीत १७६१ हा आकडा स्पष्ट दिसतो.

आमच्यात पूर्वापार सांगतात की घरातला एक जण 'गेला तो आलाच नाही'. कुठे गेला, का गेला, कुणाला माहीत नाही. काकांनी चाळीस वर्षांपूर्वी जुन्या माणसांना विचारून वंशावळ लिहून काढली होती. एक मूळपुरुष, त्याचे दोन मुलगे, आणि खाली आम्ही सगळे. मूळपुरुष धरून मी आठवा. हा आकडा पाहिल्यावर काकांनी एका मिनिटात सांगड घातली. सतराशे एकसष्ट, गेला, आला नाही. म्हणजे पानिपत! तालुक्याच्या गावी एकांकडून कागद वाचून घेतला. त्यांनी पाचशे रुपये घेतले आणि 'वाटणीपत्र आहे, साल १७६१' एवढं सांगून परत दिला.

आता काका देवळात वंशावळीचा मोठा फ्लेक्स लावणार आहेत, वर 'पानिपतवीर घराणं' असं लिहून. मला उगाच वाटतंय की काहीतरी जुळत नाही. ज्या पौषात घरचा माणूस रणात, त्याच साली बाकीचे वाटण्या करत बसतील का?

अवांतर_आजोबा | शनिवार, रात्री १०.४०

फ्लेक्स छापायला टाकला नसेल तर थांबवा. बाकी चालू द्या.

बोरू | रविवार, सकाळी ७.०५

फोटो टाका. पूर्ण कागदाचा एक, मग वरपासून खालपर्यंत तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या दोन ओळी येतील असे. फ्लॅश नको. खिडकीपाशी तिरप्या उजेडात काढा, बोरूची शाई उठून दिसते. आणि पाठीमागची बाजू विसरू नका. कागद कशाचा आहे ते बरेचदा पाठीवर एका ओळीत लिहिलेलं असतं आणि लोक नेमकं तेच सोडून देतात.

तोवर सालाबद्दल. पेशवाईतला कारकून इसवी सन लिहीत नाही. तो शके लिहील, सुहूर सन लिहील, फसली लिहील, नाहीतर राज्याभिषेक शक. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. त्या दिवशीच्या मराठी कागदावर काय असायला हवं? शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी. सुहूर सन ११६१, आणि तोसुद्धा आकड्यात नाही तर अरबी शब्दांत: 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकंपासून वर चढत जायचं. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतं, कारण ते वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. (इथे ११६१ मध्येही एकसष्ट आलेत, तो निव्वळ योगायोग.)

म्हणून १७६१ असा उघडा आकडा दिसला की माझा पहिला संशय शकावर जातो. आकड्याच्या पुढे संवत्सराचं नाव असेल तर फैसला लगेच होईल. साठ नावं ठरलेल्या क्रमाने फिरतात. लेखनिक आकड्यात चुकेल, संवत्सरात सहसा चुकत नाही.

पाटी_पेन्सिल | रविवार, सकाळी ९.३०

मोडी येत नाही, पण गणित येतं. धागाकर्ते आठवे. वाटणी करणारे मुलगे दुसऱ्या पिढीतले. म्हणजे त्यांच्यापासून तुमच्यापर्यंत सहा पायऱ्या. तुमचा जन्म १९८० च्या आसपासचा समजू. १७६१ साली वाटणी करणारा माणूस पस्तिशीचा असला तर जन्म १७२५ च्या सुमाराचा. २५५ वर्षांत सहा पायऱ्या, दर पिढीला बेचाळीस वर्षांहून जास्त. ज्या काळात विशीत पहिलं मूल व्हायचं त्या काळात हे सहा वेळा सलग? एक तर मधल्या दोन पिढ्या गळल्यात, नाहीतर साल चुकलंय.

पिढ्या गळणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, त्यामुळे एकाआड एक तेच नाव. सांगणारा म्हातारा दोघांचा एकच माणूस करून टाकतो.

पडवीतला_बाक | रविवार, दुपारी १.१५

जन्म १९८०, बरोबर ओळखलंत! फोटो टाकलेत, एकूण नऊ. पाठीवर खरंच एक ओळ आहे. खाली उजव्या कोपऱ्यात दोन एकसारख्या आकृत्या आहेत, आडवी रेघ आणि तिला वाकडी काठी जोडल्यासारखी. त्याच्या बाजूला एक पुसट गोल, बहुधा शिक्का असावा. मध्ये काही नाही, नुसताच गोल.

निवृत्त_तलाठी | रविवार, दुपारी ३.५०

बोरू वाचतील तोवर थोडं आमच्या खात्याबद्दल. तीस वर्षं दप्तर सांभाळलं, तेव्हा एवढा हक्क आहे.

वंशावळ वरून खाली काढायची नसते, खालून वर चढायची असते. मूळपुरुषापासून सुरू केलेल्या सगळ्या वंशावळी शिवाजी महाराजांच्या नाहीतर पेशव्यांच्या फौजेत जाऊन संपतात. तुम्ही आजचा सातबारा घ्या. मग हाताने लिहिलेले जुने सातबारे घ्या. त्यात नावाशेजारी गोलात आकडे दिसतील, ते फेरफार क्रमांक. कंसात टाकलेलं नाव म्हणजे तो माणूस तिथून कमी झाला. प्रत्येक गोलातला आकडा गाव नमुना ६ मधली एक हकिकत आहे: अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस अमुक अमुक. वारसांची वेगळी नोंदवही असते, ६-क. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात साधारण तिथपर्यंत या शिडीने जाता येतं. महसूल खात्याच्या ई-अभिलेख संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने फेरफार घरबसल्या दिसतात. नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागायची.

या कागदांतली बारीक अक्षरं वाचायला शिका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं, पण जमीन सगळ्या भावांची. आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. 'अमुक, अज्ञान, अ.पा.क. आई तमुक' असं दिसलं की बाप तरुणपणी गेला हे कळतं आणि आईचं नाव फुकटात मिळतं. बायकांची नावं शोधायची तर ही एक जागा. दुसरी जागा १९५६ नंतरचे वारस फेरफार. हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर मुलींची नावं लागायला लागली, तीही सासरच्या आडनावाने. त्याआधीच्या नोंदीत चार मुलगे दिसतील आणि सहा मुली हवेत.

१९०३ च्या मागे जायचं तर कोतवाल बुक, गाव नमुना १४, जन्ममृत्यूची वही. बहुतेक ठिकाणी मोडीतच. मृत्यूच्या रकान्यात आजारही असतो. ऑक्टोबर १९१८ ची पानं एकदा बघाच. मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत एकेका घरातली तीन-तीन नावं एका आठवड्यात, आणि लिहिणाऱ्याचं अक्षर दर ओळीला बिघडत गेलेलं. मी नोकरीत नवा असताना ती वही पहिल्यांदा उघडली आणि दुपारचा डबा तसाच परत नेला.

त्याच्याही मागे भूमी अभिलेखची टिपणं, शेतवार पत्रकं. इंदापुरात १८३६ ला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी आकारणी सुरू केली, तीच पद्धत पुढे सगळीकडे गेली. घरात इनाम किंवा वतन असेल तर तुम्ही नशीबवान. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं तेव्हा इनामदारांना हक्क शाबीत करावा लागला आणि त्यासाठी वंशावळी जोडाव्या लागल्या. पुढे १८७४ चा वतन कायदा, त्यातही हिस्सेदारांची भांडणं. भांडण ज्या घरात नाही त्या घराचा कागद मिळत नाही, हा माझा अनुभव.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६.२०

तलाठीकाकांना दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमच्याकडे सांगली-कोल्हापूरला अजून हेळवी येतात. सुगी झाली की बैल घेऊन दारात, घंटा वाजवत. बसले की आमच्या घराण्याचं मूळ गाव, कुलदैवत, कोणाला किती पोरं, कोण दत्तक गेला, सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. पूर्वी तोंडपाठ, आता बऱ्याच जणांकडे वह्या असतात. नव्या जन्माचं नाव सांगून धान्य घातलं की नोंद झाली. माझ्या मुलीचं नाव त्यांनी आपणहून विचारून घेतलं. आमच्या छापील कुलवृत्तांतात मात्र मुलींची नावं नाहीत. बोला आता.

मराठवाडी_माणूस | रविवार, रात्री ८.४५

तुमचं बरंय, सगळं मोडीत तरी हाय. आमच्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम. महसुलाचे कागद उर्दूत, साल फसली. फसलीत ५९० नाहीतर ५९१ मिळवा म्हंजे इसवी सन. १३५० फसली दिसलं की १९४०-४१. माझ्या पणज्याचं नाव मी तीन कागदात तीन तऱ्हेनं वाचून घेतलं, कारण उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत न्हाईत. एकानं धोंडबा वाचलं, एकानं धुंडीबा. शेवटी १९५४ च्या खासरा पत्रकात (गावच्या शेतांच्या सर्व्हे नंबरवार नोंदीत) मराठीत गावलं. मराठवाड्यातल्यांनी आधी खासरा पत्रक हुडकावं, मग मागं जावं.

बोरू | सोमवार, पहाटे ५.५०

वाचला. रात्री दोनपर्यंत बसलो होतो. बायको म्हणाली, परक्याच्या वाटणीत तुम्ही का जागताय.

तारीख आधी. 'शके १७६१ विकारीनाम संवत्सरे माघ शुद्ध पंचमी'. विकारी संवत्सर हल्ली येऊन गेलं ते शके १९४१, म्हणजे २०१९-२० साली. त्यातून साठ-साठ तीनदा वजा करा, १७६१ येतं. ताळा जुळला. शकात एरवी ७८ मिळवतो, पण माघ आहे म्हणजे इसवी सनाचं पान उलटलेलं, म्हणून ७९. हा कागद १८४० च्या फेब्रुवारीच्या सुमाराचा आहे. पेशवाई बुडून बावीस वर्षं झालेली, पुण्यावर कंपनीचा अंमल. पानिपताशी याचा काडीचा संबंध नाही.

आता मजकूर. वाटणीपत्रच आहे, पण दोन भावांमधलं नाही, तिघांमधलं. थोरला आणि मधला कागद करून देतात. सगळा मजकूर इथे देत नाही, शेताच्या चतु:सीमा आणि भांड्यांची यादीच अर्धा हात आहे (तांब्याची घागर एक, पितळी परात एक फुटकी, वगैरे. फुटकीसुद्धा लिहिली आहे). महत्त्वाचा तुकडा हा:

'…धाकटा भाऊ परागंदा जाहला त्यास सात वर्षे जाली, ठाव लागत नाही. सबब त्याची बायको [.]गुणा इजला पूर्वेकडील घर एक खण व सालीना अन्नवस्त्र उभयतां भावांनी हयात तागाईत चालवावे, कसूर करू नये…'

परागंदा म्हणजे गाव सोडून निघून गेलेला, ठावठिकाणा नसलेला. कर्ज, सारा थकणं, भांडण, काहीही कारण असेल. कागद ते सांगत नाही. 'हयात तागाईत' म्हणजे ती जिवंत असेपर्यंत.

तुमच्या त्या दोन आकृत्या? तो नांगर. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी. कुणब्याचा नांगर, ज्याच्या त्याच्या धंद्याचं हत्यार. दोन्ही भावांचे दोन नांगर. आणि तो रिकामा गोल शिक्का नाही, त्याच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय: 'नि॥ बांगडी'. बाईमाणसाची निशाणी बांगडी असते.

ती तिथे बसली होती.

अवांतर_आजोबा | सोमवार, सकाळी ८.१०

इतकी वर्षं या संस्थळावर आहे. आज पहिल्यांदा अवांतर काही सुचलं नाही.

पडवीतला_बाक | सोमवार, रात्री ११.३०

दिवसभर ऑफिसात काम सुचलं नाही. बोरू, तुमचे आभार कसे मानू?

'गेला तो आलाच नाही' हा माणूस खरा होता तर. फक्त पानिपताला गेला नव्हता. आणि त्याची बायको घरातच होती. आमच्या वंशावळीत तो भाऊ नाही, मग ती कुठून असणार? काकांनी ज्यांना विचारून लिहिलं त्या म्हाताऱ्यांना दोनच भाऊ माहीत होते.

पूर्वेकडचा एक खण. आम्ही जे घर उतरवलं ना, त्यात पूर्वेला एक सुटी खोली होती. तिला वेगळं दार होतं, आतून घराशी जोडलेली नव्हती. आम्ही तिला 'बाईची खोली' म्हणायचो. कोणती बाई, कधी विचारलंच नाही. लहानपणी तिथे शेंगांची पोती असायची. तीच खोली असेल असं छातीठोक म्हणत नाही, घर मधे एकदा नव्याने बांधलं असणार. पण दार आता नाही. भंगारात गेलं.

काकांना फोन केला. आधी गप्प बसले. मग म्हणाले, तुझ्या त्या इंटरनेटवाल्यांना काय कळतंय. मग ठेवून दिला.

कागदकीड | मंगळवार, सकाळी १०.००

कागदाचं बघा आता, नाहीतर पुढच्या पिढीला फोटोच उरतील.

लॅमिनेशन करू नका. माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी प्रेमाने लॅमिनेट केलेला कागद घेऊन रडत येतं. एकदा उष्णतेने प्लास्टिक चिकटलं की ते निघत नाही, आत कागद पिवळा पडत जातो. सेलोटेप नको, डिंक नको, अक्षर उठून दिसावं म्हणून तेल तर मुळीच नको. गुंडाळी कोरडी असताना जबरदस्तीने सपाट केली तर घडीवर तुटते. फाटलेल्या जागी जाणकाराकडून जपानी टिश्यू आणि खळीने जोडून घ्या. ठेवायला धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड. आपल्या जुन्या दप्तरांतले रुमाल हेच होते, कागदांचा गठ्ठा आणि भोवती कापड. तुमच्या आजोबांचं धोतराचं फडकं हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय होता. कागद टिकलाय तो त्यामुळे. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका, वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवली तर चालेल.

स्कॅन कराल तर निदान ३०० डीपीआय, शक्यतो ६०० ला. आणि फाइलला 'स्कॅन_००७' असं नाव देऊ नका. 'शके १७६१ माघ वाटणीपत्र पान १ समोर' असं द्या. मूळ कागद कोणाकडे, कुठल्या ट्रंकेत, कधी सापडला हेही त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ११.२०

खापरपणजोबांच्या भावाच्या बायकोचं नाव शोधून मिळणार काय? जमीन?

निवृत्त_तलाठी | मंगळवार, सकाळी ११.४०

जमीन मिळणार नाही, मुदतीचा कायदा आहे. निश्चिंत असा.

निळी_शाई | मंगळवार, दुपारी २.१५

सगळा धागा वाचला. छान चाललंय, पण एक सांगू का? आमच्याकडे ट्रंक नाही. वाटणीपत्र व्हायला वाटायला काहीतरी लागतं.

मी माझ्या आईच्या बाजूचं शोधायला लागले तेव्हा कोतवाल बुकात पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत नाव अर्धवट, आडनाव नाही, जात मात्र ठळक. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव मास्तरांनी त्यांना वाटलं तसं लिहिलेलं. जन्मतारीख १ जून. त्या पानावर अकरा मुलांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वय अंदाजाने मागे मोजायचे, बाकी काही नाही.

मग एका ओळखीच्या वकिलांनी महार वतनाचे कागद बघायला सांगितलं. ज्या वतनाने पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलं, ज्याच्या विरोधात बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं, त्याच वतनाच्या रजिस्टरात वाटेकऱ्यांची नावं बापापासून मुलापर्यंत लावलेली सापडली. चार पिढ्या. १९५८ च्या कायद्याने वतनं गेली ते बरंच झालं. पण माझी वंशावळ मला गुलामगिरीच्या हिशोबात सापडली. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई हसली. म्हणाली, मग कुठं सापडणार होती?

तेव्हा ज्यांच्याकडे ट्रंक नाही त्यांनी वतनाचे कागद, शाळेचं रजिस्टर, मुंबईत आलेल्यांनी गिरणीचे हजेरीचे कागद आणि पालिकेची जन्मनोंद, हे सोडू नये. आणि जिवंत म्हाताऱ्यांचा आवाज रेकॉर्ड करा. आजच.

बोरू | मंगळवार, दुपारी ३.००

निळी_शाई, हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या लायकीचा आहे. लिहाल का? मोडीतलं काही अडलं तर मी आहे, पैसे वगैरे काही नकोत.

गंगाघाट | मंगळवार, रात्री ९.१०

नाशिकहून. आमच्या घरी तीर्थोपाध्येपण आहे, म्हणून थोडं.

आमच्या वह्या आडनावावर नाही, आधी गावावर लागलेल्या असतात. तेव्हा येताना मूळ गाव कोणतं, पूर्वी कोणत्या तालुक्यात-परगण्यात होतं ते घेऊन या. 'आम्ही पुण्याचे' म्हणालात तर मी काय शोधू? क्षेत्री आलेला माणूस स्वतःच्या हाताने किंवा आमच्या हाताने लिहून ठेवतो: मी अमुक, बापाचं नाव, आज्याचं नाव, भाऊ, मुलं, आणि बरोबर कोण आलं. ते 'बरोबर कोण आलं' बघा. आई, बायको, विधवा बहीण, सगळ्या तिथे असतात. सिंहस्थात नोंदी दाट. मागचा सिंहस्थ २०१५ ला झाला, त्याआधीचा २००३ ला. असं बारा-बारा वर्षांनी मागे जायचं.

गया, काशी, हरिद्वारलाही हेच. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म यूटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीने करून ठेवल्यात. आमच्या वह्या आमच्या उपजीविकेचा भाग आहेत, त्यामुळे विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका एवढी विनंती. विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

परागंदा झालेला माणूस बरेचदा कुठल्या तरी क्षेत्री जाऊन नाव सांगतो. गाव सुटलं तरी बापाचं नाव सुटत नाही. १८३३ च्या पुढच्या वह्या बघण्यासारख्या आहेत.

जातपडताळणीवाला | बुधवार, सकाळी ९.०५

मला इतिहास नको, मुलीचं ॲडमिशन आहे. वंशावळीला कधीपर्यंतचा पुरावा चालतो?

निवृत्त_तलाठी | बुधवार, सकाळी ९.४०

ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. रक्तनात्यातल्या माणसाचा कागद आणि त्याच्यापर्यंत जाणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून जिल्ह्याजिल्ह्याने जुन्या कोतवाल बुकांचे, शाळा रजिस्टरांचे स्कॅन संकेतस्थळांवर चढवलेत, तिथेही बघा. आरक्षणावरची चर्चा कृपया इथे नको.

एक विनवणी. जुन्या पानावर एक अक्षरही वाढवू नका, कुणी 'करून देतो' म्हणालं तरी. शाईचा फरक पाच वर्षांच्या पोरालाही दिसतो. गुन्हा तर आहेच, शिवाय त्या पानावरच्या बाकी तीस घरांचा पुरावाही तुम्ही संशयात ढकलता.

पडवीतला_बाक | रविवार, रात्री ९.२०

धागा वर काढतोय. आठवडाभरातल्या घडामोडी.

एक, काका परवा संध्याकाळी स्वतः घरी आले. कागद मागितला, भिंग लावून त्या गोलाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, तिसरा भाऊ घाल त्यात. फ्लेक्सचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

दोन, नाव. [.]गुणा. पहिलं अक्षर कसरीने खाल्लंय. मी आणि काका दोघंही लगेच सगुणा म्हणालो. त्यात आत्याने फोनवर सांगितलं की माझ्या पणजोबांच्या धाकट्या बहिणीचं नाव सगुणा होतं. घरातलं नाव पुढे ठेवायची पद्धत आहेच. तर वंशावळीत सगुणा लिहायला हरकत नाही ना?

तीन, पाठीवरची ओळ कुणी वाचली नाही अजून.

बोरू | रविवार, रात्री १०.००

हरकत आहे. मलाही सगुणाच वाटतं, पण वाटतं म्हणून लिहायचं नाही. १७६१ चं पानिपत असंच कुणाला तरी वाटलं होतं. वंशावळीत '[स]गुणा' असं चौकटी कंसात लिहा आणि खाली टीप द्या की पहिलं अक्षर गेलंय, पुढच्या पिढीत सगुणा नाव आढळतं. पन्नास वर्षांनी तुमच्या कोणा नातवाला दुसरा कागद सापडला तर कंस काढायचा की नाही ते तो ठरवेल.

पाठीची ओळ राहिलीच, माफ करा. 'बाईचे अन्नवस्त्राचा कागद, जपोन ठेवणे.'

अक्षर वेगळं आहे. पुढचं ज्याने लिहिलं त्याचं नाही. शाईही उतरल्यासारखी दिसत नाही, नंतरची असावी.

पडवीतला_बाक | रविवार, रात्री १०.०८

आत्ताच वाचून दाखवलं काकांना. म्हणाले, बुधवारी नाशिकला जाऊ, गंगाघाटवाल्यांना वेळ विचार. १८३३ च्या पुढच्या वह्या.

गंगाघाट | रविवार, रात्री १०.३१

बुधवारी सकाळी नऊपर्यंत या. गावाचं जुनं नाव आणि परगणा घेऊन या. आणि काकांना चपला नदीकडच्या पायरीवर काढू नका म्हणावं, माकडं नेतात.